एपीके टाकायचीच असेल तर : प्ले स्टोअरबाहेरचं ॲप फोनवर घेण्याची रीत

लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येतच असतात. त्यातली एखादी फोटो किंवा पीडीएफ नसून तिच्या नावाचा शेवट ‘डॉट एपीके’ असा असेल, तर ते ॲप आहे. पत्रिका त्यात नसतेच. इंदुरात असे मेसेज बहुतेक हिंदीतून येतात आणि निमित्त बदलत राहतं. कधी लग्नाचं आमंत्रण, कधी एमपी ०९ नंबरच्या गाडीवरचं ई-चालान, कधी ‘आज रात साढ़े नौ बजे बिजली काट दी जाएगी’. पाठवणारा नंबर पुष्कळदा ओळखीचाच असतो. त्या काकांच्या किंवा आत्याच्या फोनवर ते ॲप आधीच बसलेलं असतं आणि तेच त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना फाइल पुढे पाठवत असतं.

दुसरीकडे सियागंजातल्या किराणा व्यापाऱ्याला एखादा स्थानिक डेव्हलपर बिलिंगचं ॲप करून देतो, तेही एपीकेच असतं. एसजीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजातला विद्यार्थी स्वतः लिहिलेलं ॲप मित्रांना तपासायला देतो, तेही. यूट्यूब पाहण्याच्या न्यूपाइपसारखी काही चांगली मुक्त स्रोताची (ज्यांचा मूळ कोड सगळ्यांना खुला असतो अशी) ॲप्स प्ले स्टोअरवर मिळतच नाहीत. फोनच्या दृष्टीने या सगळ्यांत फरक नाही: प्ले स्टोअरबाहेरची एक फाइल आली आणि मालकाने ती बसवली, एवढंच. म्हणून ‘बाहेरचं काही टाकूच नका’ हा सल्ला द्यायला सोपा असला तरी पुरत नाही. पैसे मोजून घेतलेल्या फोनवर काय चालावं हे मालकाने ठरवावं, हे आम्हाला मनापासून पटतं. पण त्याच फोनवर यूपीआय आणि बँकेचे ओटीपीही येतात, त्यामुळे हा हक्क रीतीने वापरावा लागतो.

फाइल तुम्ही शोधलीत की तुमच्याकडे आली?

सगळ्यात आधी हे पाहा. न मागता आलेली एपीके टाकायची नाही, मग ती कोणीही पाठवलेली असो. तिची तपासणी करत बसण्याचीही गरज नाही. चालान खरं आहे का हे सरकारच्या परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर घालून कळतं. वीज बिल पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या ‘ऊर्जस’ ॲपवर दिसतं, महापालिकेची कामं ‘इंदौर ३११’वर होतात, आणि ही दोन्ही ॲप्स प्ले स्टोअरवर आहेत. कोणतीही बँक, वीज कंपनी किंवा आरटीओ व्हॉट्सॲपवरून एपीके पाठवून काम करत नाही. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली असेल, तर त्यांना फोन करून विचारा, ‘तुम्ही हे पाठवलंत का?’ ‘नाही’ म्हणाले, तर त्यांचाच फोन बाधित झाला आहे. त्यांना याच लेखातला शेवटचा भाग लगेच लागेल.

कर्ज देणारी ॲप्सही याच पठडीत बसवा. डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार अशा ॲपला फोनमधले कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, फोटो आणि फाइल वाचायला मनाई आहे. कॅमेरा, माइक किंवा लोकेशन केवायसीपुरतं एकदाच, तेही तुमच्या संमतीने. कर्जाचं ॲप एपीकेतून आलं आणि कॉन्टॅक्ट मागू लागलं, तर पुढे वसुलीसाठी तुमच्या नातेवाइकांना फोन जाणार, हे गृहीत धरा.

यापुढचं सगळं तुम्ही स्वतः शोधून आणलेल्या, किंवा ज्याचा निर्माता तुम्हाला ठाऊक आहे अशा ॲपसाठी आहे.

फोन काय तपासतो, काय तपासत नाही

अँड्रॉइड ८ आलं २०१७ मध्ये. त्याआधी ‘अननोन सोर्सेस’ असं एकच बटण होतं. ते चालू केलं की कुठूनही काहीही बसत असे. आता ही परवानगी ॲपनिहाय आहे. क्रोमला दिली तर क्रोमने उतरवलेली फाइल बसवता येते. व्हॉट्सॲपला दिलेली नसेल, तर व्हॉट्सॲपवरून आलेली अडते. ही सोय फार कामाची आहे, आणि बहुतेक लोक एकदा परवानगी देऊन ती तशीच उघडी ठेवतात म्हणून वायाही जाते.

दुसरी गोष्ट सहीची. प्रत्येक एपीकेवर डेव्हलपरची डिजिटल सही असावीच लागते, नाहीतर ती बसतच नाही. पण ही सही कोणीही स्वतः तयार करू शकतो. म्हणजे सही असल्याने माणूस भला ठरत नाही. आज आलेलं अपडेट ज्याने आधीचं ॲप दिलं त्याचंच आहे, एवढंच तिच्यावरून कळतं. सही बदलली की अँड्रॉइड अपडेट नाकारतं.

प्ले प्रोटेक्ट ही तिसरी पायरी. प्ले स्टोअर उघडून वर उजवीकडच्या आपल्या चित्रावर दाबलं की ते दिसतं. बाहेरून आलेलं ॲपही ते तपासतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये गुगलने भारतासाठी त्यात एक कडक नियम जाहीर केला: ब्राउझर, मेसेजिंग ॲप किंवा फाइल मॅनेजरमधून येणारं ॲप एसएमएस वाचणं, एसएमएस स्वीकारणं, नोटिफिकेशन वाचणं किंवा ॲक्सेसिबिलिटी (पडदा वाचून तुमच्या वतीने बटणं दाबण्याची मुभा) यांपैकी काही मागत असेल, तर ते आपोआप अडवायचं. ओटीपी चोरायला याच चार गोष्टी लागतात, म्हणून हा नियम नेमका आहे. त्यात एखादं प्रामाणिक ॲपही अडतं. तसं झालं, तर प्ले प्रोटेक्ट बंद करण्याच्या आधी त्या ॲपला एसएमएस कशाला हवेत हे निर्मात्याला विचारा. ‘बसवण्यापुरतं प्ले प्रोटेक्ट बंद करा’ असं कोणी फोनवरून सांगत असेल, तर तिथेच बोलणं संपवा. अँड्रॉइड १६ मध्ये अनोळखी नंबरशी कॉल चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करता येत नाही आणि ॲक्सेसिबिलिटीही देता येत नाही. ती सोय याच प्रकारासाठी केलेली आहे.

चौथी पायरी अँड्रॉइड १३ पासूनची. बाहेरून आलेल्या ॲपला ॲक्सेसिबिलिटी द्यायला गेलं की ते बटण फिकं असतं आणि ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ असा फलक येतो. ॲपच्या माहितीच्या पानावर वरच्या तीन टिंबांमध्ये ‘अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ दाबल्याशिवाय ते उघडत नाही. फसवणारे इथे पळवाट काढतात. आधी एक लहान, निरुपद्रवी दिसणारं ॲप बसवतात. ते उघडलं की ‘अपडेट आवश्यक’ म्हणून स्वतःसाठीच ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ची परवानगी मागतं आणि आतून दुसरं, खरं विषारी ॲप बसवतं. स्टोअर ज्या पद्धतीने ॲप बसवतात तीच पद्धत वापरल्यामुळे कित्येक फोनवर ही अट चुकवली जाते. स्टोअर किंवा ब्राउझर नसलेलं ॲप दुसरी ॲप्स बसवण्याची परवानगी मागू लागलं, की ते काढून टाका. या खुणेला अपवाद जवळजवळ नाही.

कुठून घ्यावं

मुक्त स्रोताचं ॲप हवं असेल तर पहिलं नाव एफ-ड्रॉइडचं. २०१० पासून चालू असलेलं हे भांडार डेव्हलपरने दिलेली तयार फाइल आंधळेपणाने ठेवत नाही. मूळ कोडवरून स्वतः ॲप बांधतं. त्यामुळे एखाद्याने कोडमध्ये एक दाखवून फाइलमध्ये दुसरं घालण्याची वाट बरीच बंद होते. प्रत्येक ॲपच्या पानावर ‘अँटी-फीचर्स’ लिहिलेली असतात: जाहिराती आहेत, माग ठेवतं, बंद स्रोताच्या सेवेवर अवलंबून आहे वगैरे. तोटा असा, की बांधणी होईपर्यंत नवी आवृत्ती काही दिवस उशिरा मिळते.

गिटहब या, डेव्हलपर आपला कोड ठेवतात त्या संकेतस्थळावरच्या प्रकल्पांतून घ्यायचं असेल तर ‘रिलीजेस’ पानावरूनच घ्या, आणि तिथे शोधून पोचू नका. ॲपच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरून जा. हुबेहूब नावाच्या नकली प्रती गिटहबवर असतात. तिथे एकाच आवृत्तीच्या तीन-चार फाइली दिसतील. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक फोनना ‘आर्म-६४’वाली चालते, कळत नसेल तर ‘युनिव्हर्सल’ घ्या, आकार मोठा असतो पण चुकत नाही. अशा ॲपना अपडेट कोण देणार हा प्रश्न उरतो. ‘ऑब्टेनियम’ हे ॲप प्रकल्पाच्या पानावर लक्ष ठेवून नवी आवृत्ती आली की कळवतं. अपडेटची सोय नसलेलं ॲप सहा महिन्यांनी जुन्या भोकांसकट फोनवर पडून राहतं.

प्ले स्टोअरवरच्याच ॲपची जुनी आवृत्ती हवी असेल, तर एपीकेमिरर बरा. तिथे मूळ डेव्हलपरची सही जुळते का हे पाहून फाइल ठेवतात.

‘मॉड’ मात्र नको. पैसे न भरता प्रीमियम, जीबी व्हॉट्सॲप, अमर्याद नाण्यांचा खेळ, सगळंच. आतलं काहीही बदललं की मूळ सही मोडते, म्हणून मॉड करणाऱ्याला स्वतःची सही घालावीच लागते. म्हणजे ते ॲप आता पूर्णपणे त्या अनोळखी माणसाचं झालं, आणि प्रत्येक अपडेटही त्याच्याच हातून येणार. शिवाय अनधिकृत ॲप वापरणाऱ्यांची खाती व्हॉट्सॲप बंदही करतं.

फाइल उतरवल्यावर, बसवण्याआधी

दोन वेगळ्या गोष्टी तपासता येतात आणि त्यांत लोकांची गल्लत होते. पहिला, फाइलचा एसएचए-२५६ ठसा: ६४ अक्षर-आकड्यांची ओळ, जी फाइलमध्ये एका बिटाचा फरक पडला तरी बदलते. प्रत्येक आवृत्तीचा हा ठसा वेगळा. संगणकावर सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाइलवर राइट क्लिक करून त्याच्या एसएचए मेनूतून तो काढता येतो. दुसरा, सहीच्या प्रमाणपत्राचा ठसा. हाही ६४ अक्षरांचा, पण तो डेव्हलपरचा असतो आणि आवृत्त्या बदलल्या तरी सहसा तोच राहतो. दुसरा जास्त मोलाचा. तो एकदा नीट पडताळला की पुढची अपडेट्स अँड्रॉइड स्वतःच त्याच्याशी जुळवून घेतं.

प्रमाणपत्राचा ठसा पाहायला ‘ॲपव्हेरिफायर’ हे लहानसं ॲप सोयीचं आहे. उतरवलेली एपीके त्याला ‘शेअर’ करायची, डेव्हलपरने जाहीर केलेला ठसा त्यात चिकटवायचा, जुळतो की नाही ते कळतं. मात्र ठसा आणि फाइल एकाच पानावरून घेतली तर तपासणीला अर्थ राहत नाही, कारण ज्याने फाइल बदलली तो ठसाही बदलेल. ठसा दुसऱ्या ठिकाणाहून घ्या: प्रकल्पाचं स्वतंत्र संकेतस्थळ, किंवा डेव्हलपर ओळखीचा असेल तर त्याच्याशी बोलून.

व्हायरसटोटल या, अनेक अँटिव्हायरस इंजिनांकडून एकदम तपासणी करणाऱ्या संकेतस्थळावर फाइल तपासायची असेल तर आधी फक्त तिचा ठसा शोधा. बऱ्याच फाइली तिथे आधीच तपासलेल्या असतात. फाइल चढवली तर ती सुरक्षा कंपन्यांनाही मिळते, म्हणून दुकानाची माहिती आत असलेलं खासगी ॲप चढवू नका. निकाल वाचतानाही तारतम्य लागतं. साठ-सत्तर इंजिनांपैकी एकाने लाल दाखवलं, तेही अनोळखी नावाच्या, तर ती चूक असण्याचा संभव बराच असतो. दहांनी दाखवलं तर विषय संपला. आणि काल बनवलेल्या विषारी ॲपला आज सगळेच हिरवं दाखवू शकतात, म्हणून हिरव्यावर विसंबून राहायचं नाही.

बसवताना

समजा एफ-ड्रॉइड बसवायचं आहे. क्रोममध्ये त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवा आणि उघडा. क्रोमला परवानगी नाही असा फलक येईल; त्यातल्या ‘सेटिंग्ज’वर दाबून क्रोमसमोरचं बटण चालू करा, मागे या, ‘इन्स्टॉल’ करा. आता ॲप उघडण्याआधी पुन्हा ‘सेटिंग्ज’, ‘ॲप्स’, ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’, ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ इथे जा आणि क्रोमचं बटण बंद करा. यापुढे ही परवानगी फक्त एफ-ड्रॉइडला. कंपनीप्रमाणे मेनूची नावं बदलतात. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधचौकटीत ‘अननोन’ टाइप करा. शेवटी ‘डाउनलोड्स’मधली एपीकेही पुसून टाका, नाहीतर घरातलं कोणीतरी ती पुन्हा दाबतं.

इथे अडलं तर कारणं बहुधा ठरावीक असतात.

‘पॅकेज कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे त्याच नावाचं, पण वेगळ्या सहीचं ॲप आधीच आहे. एफ-ड्रॉइडवरचं आणि प्ले स्टोअरवरचं ॲप एकच असलं तरी सह्या सहसा वेगळ्या असतात. जुनं काढूनच नवं बसतं, आणि काढताना आतला डेटा जातो, म्हणून आधी ॲपमधून बॅकअप घ्या. तुम्ही काहीच बदललं नसताना अपडेटला हा फलक आला, तर ती फाइल टाकू नका. ती दुसऱ्याच कोणाची आहे.

‘पार्सिंग’ची तक्रार आली तर फाइल अर्धवट उतरली आहे किंवा ॲपला अँड्रॉइडची नवी आवृत्ती हवी आहे. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एक्सएपीके’ किंवा ‘एपीकेएस’ असेल तर ॲप तुकड्यांत आहे आणि त्याला वेगळा इन्स्टॉलर लागतो. त्यासाठी जाहिरातींनी भरलेलं कुठलंही इन्स्टॉलर घेण्यापेक्षा एकसंध एपीके शोधा. ॲप फारच जुनं असेल तर अँड्रॉइड १४ आणि त्यापुढचे फोन ते सरळ नाकारतात, कारण अँड्रॉइड ६ च्या आधीची परवानगीपद्धत वापरणारी ॲप्स त्यांनी बंद केली आहेत. सॅमसंगवर काहीच बसत नसेल तर ‘ऑटो ब्लॉकर’ चालू असतो. तो ‘सिक्युरिटी अँड प्रायव्हसी’त आहे, ॲप बसवण्यापुरता बंद करून लगेच चालू करायचा.

परवानग्या : खरा निर्णय इथे आहे

ॲप नुसतं बसल्याने फारसं बिघडत नाही. पुढे एकामागून एक जे ‘अलाउ’ दाबले जातात, त्यांनी पैसे जातात. एसएमएस दिले की ओटीपी गेले. एसएमएस नाकारून नोटिफिकेशन वाचू दिलं तरी तेच, कारण ओटीपी नोटिफिकेशनमध्येही दिसतो. ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ दिलं की बँकेच्या ॲपवर हुबेहूब खोटा पडदा टाकता येतो. ॲक्सेसिबिलिटी सगळ्यांत जड: ती दृष्टी किंवा हालचालीची अडचण असलेल्यांसाठी केलेली सोय आहे, म्हणून तिला पडद्यावरचं सगळं वाचता येतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. ती मिळालेलं ॲप बाकीच्या परवानग्या स्वतःच्या स्वतः घेऊ शकतं. ‘डिव्हाइस ॲडमिन’ दिलं तर ॲप सहज काढता येत नाही.

म्हणून प्रत्येक परवानगीला ॲपच्या कामाशी जोडून बघा. बिलिंगच्या ॲपला ब्लूटूथ प्रिंटर शोधायला अँड्रॉइड १२ पासून ‘निअरबाय डिव्हाइसेस’ लागतं. अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर त्याच कामाला लोकेशन लागतं, त्यामुळे दुकानातल्या जुन्या फोनवर लोकेशन मागितलं तर दचकू नका. कॅमेरा बारकोडसाठी चालेल. एसएमएस आणि कॉल लॉग मात्र बिल करायला लागत नाहीत. नाकारून पाहा. चांगलं ॲप त्याशिवायही चालतं किंवा काय अडलं ते सांगतं. तोच फलक हट्टाने पुन्हा पुन्हा समोर आणणारं ॲप ठेवण्याच्या लायकीचं नाही. ज्याला इंटरनेटची गरजच नाही, त्याचं नेट तोडता येतं: काही कंपन्यांच्या फोनमध्ये ॲपनिहाय बटण असतं, नाहीतर एफ-ड्रॉइडवरचं ‘नेटगार्ड’ ते काम करतं.

दुकानासाठी ॲप करून घेत असाल तर

स्थानिक डेव्हलपरला चार गोष्टी आधीच विचारा, आणि उत्तरं लिहून घ्या. ॲपवर ‘रिलीज’ सही आहे की ‘डीबग’? डीबग सही संगणकावर आपोआप तयार होते. डेव्हलपरचा लॅपटॉप बदलला की ती बदलते, अपडेट बसत नाही, जुनं ॲप काढावं लागतं आणि सगळी बिलं जातात. वर्षभराची उधारी अशी पुसली गेली तर ती परत मिळण्याचा मार्ग नसतो. प्रमाणपत्राचा ठसा कागदावर द्या म्हणावं. सहीची किल्ली कुठे ठेवली आहे आणि तिची दुसरी प्रत आहे का? प्रत्येक परवानगी कशासाठी? आणि बॅकअप कुठे जातो, तो उघडायला ॲपशिवाय दुसरा काही मार्ग आहे का? निदान एक्सेलमध्ये उघडेल अशी यादी रोज बाहेर काढता आली पाहिजे.

याच डेव्हलपरना एक बदल ध्यानात ठेवावा लागेल. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं, की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बाहेरूनही बसणाऱ्या ॲपचा डेव्हलपर ओळख पटवलेला असावा. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र. एफ-ड्रॉइडने याला जाहीर विरोध केला आहे. नंतर गुगलने विद्यार्थी आणि हौशी लोकांसाठी वेगळं खातं, तसंच जाणकारांना धोका पत्करून ॲप बसवता येईल असा मार्ग ठेवण्याचं सांगितलं. संगणकाला केबलने जोडून एडीबी या डेव्हलपरांच्या साधनाने बसवण्याची वाटही राहणार आहे. डेव्हलपर कोण हे कळावं, यात ग्राहकाचा फायदा आहे. पण नाव न सांगता काम करणाऱ्या प्रामाणिक डेव्हलपरलाही वाट उरली पाहिजे आणि शेवटचा होकार फोनच्या मालकाचा असला पाहिजे, असं आमचं मत आहे.

पैसे एकीकडे, प्रयोग दुसरीकडे

नवनवी ॲप्स टाकून पाहायची हौस असेल तर वेगळा फोन ठेवा. त्यात सिम नको, बँकेचं ॲप नको, गुगल खातंही वेगळं. जेल रोडवरून जुना फोन घेतलात तर त्याचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) सरकारच्या ‘संचार साथी’वर तपासा आणि आल्याबरोबर फॅक्टरी रीसेट करा.

दुसरा फोन नको असेल तर त्याच फोनात भिंत घालता येते. अँड्रॉइड १५ पासून ‘प्रायव्हेट स्पेस’ आहे, सॅमसंगवर ‘सिक्युअर फोल्डर’, इतरांसाठी एफ-ड्रॉइडवरचं ‘शेल्टर’. आतल्या ॲपला बाहेरचे फोटो आणि कॉन्टॅक्ट दिसत नाहीत. सिम मात्र एकच असतं, म्हणून तिथेही कोणाला एसएमएस देऊ नका.

घरातल्या आजी-आजोबांच्या फोनवर हे सगळं नको. तिथे ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’च्या यादीतलं प्रत्येक बटण बंद करा, व्हॉट्सॲपचं सगळ्यांत आधी. व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये डॉक्युमेंटचं आपोआप उतरणं बंद करा, आणि ‘प्रायव्हसी’तल्या ‘ग्रुप्स’मध्ये ‘माय कॉन्टॅक्ट्स’ ठेवा. सॅमसंग असेल तर ऑटो ब्लॉकर कायम चालू. अँड्रॉइड १६ असेल तर ‘ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ एका बटणात बाहेरची ॲप्स बंद करतं. हे त्यांना सांगून करा. न विचारता केलेली बंदी दुकानातला कोणीही मुलगा दोन मिनिटांत उघडून देतो.

टाकून झालं असेल तर

विमान मोड चालू करा आणि वाय-फायही बंद करा. सिम काढून साध्या, बटणांच्या फोनमध्ये घाला: विषारी ॲप फोनमध्ये आहे, सिममध्ये नाही, त्यामुळे यापुढचे ओटीपी त्याच्या हाती लागत नाहीत. दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला आणि बँकेच्या हेल्पलाइनला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर यूपीआय व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर (संदर्भ) क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. बँकेकडून तक्रार क्रमांक घ्यायला विसरू नका. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं, आणि कळवल्याची वेळ त्या क्रमांकावरूनच सिद्ध होते. नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार. फाइल, पाठवणाऱ्याचा नंबर आणि मेसेज यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा, काहीही पुसण्याआधी.

मग फोन ‘सेफ मोड’मध्ये सुरू करा. बऱ्याच फोनवर पॉवर मेनूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की हा पर्याय येतो. त्यात बाहेरची ॲप्स चालत नाहीत. आयकॉन दिसत नसला तरी ‘सेटिंग्ज’मधल्या ‘सी ऑल ॲप्स’ यादीत ॲप असतं, कधी ‘सिस्टिम अपडेट’सारख्या नावाने, कधी नावाशिवायच. ‘अनइन्स्टॉल’ फिकं असेल तर आधी ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मधून त्याला काढा. फोटो आणि कागद तेवढे बाहेर काढून फॅक्टरी रीसेट करा. ॲक्सेसिबिलिटी दिली गेली होती तर रीसेटला पर्याय नाही. गुगल, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्याच फोनवरून बदला. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये अनोळखी यंत्र दिसलं तर काढा. कॉल दुसरीकडे वळवलेले असू शकतात, म्हणून ##००२# डायल करून सगळी वळवणी रद्द करा.

रीसेटनंतर जुन्या बॅकअपमधून ॲप्स आपोआप परत घेऊ नका, एकेक करून प्ले स्टोअरवरून टाका. व्हॉट्सॲपच्या चॅटचा बॅकअप परत आला तर ती फाइलही परत येऊ शकते. ती शोधून पुसा, आणि ज्या ज्या ग्रुपमध्ये तुमच्या नंबरवरून गेली असेल तिथे ‘सगळ्यांसाठी डिलीट’ करून खाली लिहा, की ही फाइल उघडू नका, उघडली असेल तर १९३० ला फोन करा.